आकारामच्या डोक्यातलं फॅट

कळंब्याच्या दूध संस्थेत आकाराम तिवले तीस वर्षं एकाच जागी बसला. खुर्ची बदलली. लाकडाची गेली, प्लॅस्टिकची आली, तिचाही एक पाय वाकला आणि त्याखाली विटेचा तुकडा सरकवावा लागला. बसणारा मात्र तोच. सकाळ-संध्याकाळ गावातल्या म्हशी-गाईंनी जे काही दिलं असेल ते किटल्यांत भरून त्याच्यापुढं येऊन उभं राहायचं, आणि तो त्यातलं फॅट काढायचा.

माणसांची नावं त्याला फॅटसकट पाठ होती. बाळाबाई म्हणजे सात पॉइंट दोन. माळावरचे शिक्षक सहा पॉइंट एक, सुट्टीत सहा चार. देवळाचा पुजारी पाच आठ, आणि सणावाराला पाच तीन, कारण सणाला पाहुणे येतात आणि दुधात पाणीही येतं. हे सगळं आकारामला ठाऊक होतं आणि तो बोलत नसे. आकडा लिहायचा, चिठ्ठी फाडायची, पुढची किटली घ्यायची. कुणी कितीही गोड बोललं तरी चिठ्ठीवरचा आकडा गोड व्हायचा नाही.

तो नोकरीला लागला तेव्हा काचेच्या नळीत ॲसिड घालून फॅट काढायचे. त्या ॲसिडाचा एक पांढरा डाग त्याच्या उजव्या अंगठ्यावर अजून आहे. पुढं मशीन आलं. नमुना ठेवला की आकडा पडतो. पण दूध ढवळायचं काम मशीन करत नाही. दूध उभं राहिलं की साय वर येते, आणि न ढवळता वरचं दूध घेतलं तर कुठल्याही मरतुकड्या म्हशीचं फॅट आठावर जातं. म्हणून आकाराम प्रत्येक किटली तळापासून ढवळायचा, मगच नमुना घ्यायचा. वरचं दूध वेगळं आणि खरं दूध वेगळं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यानं आयुष्यात कमावलं होतं, आणि त्याला तेवढं पुरत होतं.

गेल्या श्रावणात चेअरमन विजयसिंहांची किटली घेऊन त्यांचा गडी आला. गड्यानं किटली अशी धरली होती की जणू आत बाळ झोपलंय. म्हणाला, "हलवू नका तात्या. चेअरमननी सांगितलंय."

"का?"

"साय मोडंल म्हणाले."

आकारामनं साय मोडली. आकडा पडला चार पॉइंट नऊ. त्यानं तो लिहिला.

दुसऱ्या दिवशी चेअरमन स्वतः आले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढरे बूट. दूध सोडून अंगावर सगळं पांढरंच. चिठ्ठी टेबलावर ठेवून म्हणाले, "तात्या, आमची मुऱ्हा म्हस आणि चार नऊ?"

"ढवळून काढलंय चेअरमनसायब."

"ढवळा की. ढवळायला कोण न्हाय म्हंतंय? पर डोळं तपासून घ्या जरा. न्हायतर डोस्कं."

त्या दिवसापासून आकारामचं डोकं गावाच्या चर्चेला आलं. त्याआधी ते फक्त टोपी ठेवायच्या कामी येत होतं. आता कुणी म्हणे, परवा तात्या संस्थेची किल्ली घरी विसरला. कुणी म्हणे, लग्नात बायकोच्या भाच्याचं नाव त्याला आठवेना, तो नुसता "अरे, तू" म्हणत राहिला. यातली वाईट गोष्ट अशी की दोन्ही खरं होतं. विसरतं सगळं गावच. घेतलेली फवारणीची यंत्रं विसरतं, उसनी नेलेली पातेली विसरतं. पण चेअरमननी म्हटल्यावर विसरण्याचा आजार होतो. आकारामलाही रात्री अंथरुणावर पडल्यावर भाच्याचं नाव पुन्हा पुन्हा आठवून बघायची सवय लागली. तेजस्वी. तेजस्वी. आठवलं की तो कुशीवर वळायचा.

संस्थेची वार्षिक सभा महिन्यावर आली होती. विषयपत्रिका फलकावर लागली. विषय सातवा: टेस्टर पदाबाबत विचारविनिमय. विचार अगोदरच झालेला होता, विनिमय तेवढा राहिला होता. चेअरमनचा पुतण्या सम्राट तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता. त्याचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं आणि त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात. वाढदिवस होऊन दीड महिना झाला तरी सम्राट चौकातून हात जोडून हसतच होता.

आकाराम चेअरमनकडं गेला. "मला काडून टाकतासा व्हय?"

"काडतंय कोण? काळजी हाय तुमची. डोस्कं ठीक हाय ह्याचा कागद असंल तर आणा. कागद असला की आमी गप्प."

असा कागद कुठं मिळतो, हे आकारामला माहीत नव्हतं. कुणालाच नसतं. ज्यांची डोकी ठीक आहेत अशांची नोंद कुठल्या कचेरीत होत नाही.

आणि त्याच आठवड्यात डॉक्टर पद्मजा गावात आल्या. कोल्हापुरात एका तपासणी केंद्रात नवं मोठं चुंबकाचं मशीन बसलं होतं, आणि त्या मशीनवर त्यांचं संशोधन चालू होतं. समाजमंदिरात शिबिर भरलं. गाव लोटलं. कुणी गुडघे घेऊन आलं, कुणी पित्त, कुणी नुसतंच सासूला. डॉक्टरबाई उभ्या राहून म्हणाल्या, "मला आजारी माणसं नकोत. पंचावन्नच्या पुढची निरोगी माणसं हवीत. ज्यांचा मेंदू चांगला आहे अशी."

फुकट औषधासाठी आजारी व्हायला सगळे तयार होते. फुकटात निरोगी व्हायला कुणी उठेना. माणसं एकमेकांकडं बघू लागली, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर शेजाऱ्याबद्दल शंका होती.

आकारामनं हात वर केला.

"काय करायचं असतंय त्यात बाई?"

"काही नाही काका. नुसतं पडून राहायचं. मेंदू काय खातो, काय जाळतो आणि मागं काय उरतं, ते आम्ही कवटी न उघडता बघतो. प्रत्येक पदार्थाची आलेखावर एक टेकडी उमटते. कुठली टेकडी किती उंच, त्यावरून कळतं."

आकाराम जरा पुढं सरकला. "म्हंजी टेस्टिंगच की."

"हो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तसंच म्हणा."

ठरल्या दिवशी तो धोंडुबाईला, म्हणजे बायकोला, बरोबर घेऊन गेला. केंद्रात थंडी आणि फरशीला फिनेलचा वास. अभिराम नावाच्या तंत्रज्ञानं अर्ज भरून घेतला. शरीरात लोखंड आहे का, स्क्रू आहे का, हृदयाला यंत्र आहे का, कधी छर्रा लागलाय का. आकारामनं सगळ्याला न्हाय म्हणून सांगितलं. मग अभिराम म्हणाला, "अंगावरचं सगळं धातूचं काढा काका. करदोरासुद्धा."

इथं गाडी अडली. करदोरा चांदीचा होता आणि जन्मात कधी निघाला नव्हता.

"करदोरा माणूस मेल्यावर काडत्यात," धोंडुबाई म्हणाली.

"आजी, मशीन ओढून घेईल."

"चांदी कुठं वडतंय चुंबक? आमी काय शाळंत न्हाय गेलो?"

ती बरोबर होती. पण नियम नियम असतो. शेवटी आकारामनं भिंतीकडं तोंड करून करदोरा काढला आणि धोंडुबाईच्या हातात दिला. ती मूठ आवळून बाहेरच्या बाकड्यावर बसली आणि तो बाहेर येईपर्यंत कुणाशी बोलली नाही.

आत त्याला एका फळीवर झोपवलं. डोक्याभोवती पिंजरा बसवला. फळी सरकली आणि तो पांढऱ्या भोकात गेला. मग आवाज सुरू झाला. गोठ्यातलं कडबा कापायचं मशीन डोक्यात बसवून कुणीतरी चालू करावं, तसा. आकाराम घाबरला नाही. त्याला फक्त एवढंच वाटत होतं की आत काही सापडू नये, आणि काही नाही असंही सापडू नये.

मध्येच आवाज थांबला आणि कानातून बाईंचा आवाज आला, "काका, ठीक आहे ना?"

आकारामनं मान डोलावली. डॉक्टरबाई विचारतायत आणि आपण धोंड्यासारखं पडून राहायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

"डोकं हलवू नका हं."

नाही हलवत, असं त्यानं मान हलवून सांगितलं.

चाळीस मिनिटांत त्यांनी सहा वेळा विचारलं. सहाही वेळा त्यानं आदरानं उत्तर दिलं.

बाहेर आल्यावर आधी करदोरा बांधला आणि मग अभिरामपुढं हात केला. "चिठ्ठी द्या."

"कसली चिठ्ठी? हे संशोधन आहे काका. अजून तपासायचंय सगळं. मॅडम बघतील."

"तपासणी केली की चिठ्ठी द्याय लागती. आमच्यात बिनचिठ्ठीच्या टेस्टिंगला चोरी म्हंत्यात."

बाहेर पुढचा माणूस थांबला होता. आकाराम हलायला तयार नव्हता. शेवटी अभिरामनं पडद्यावर जे होतं ते छापून त्याच्या हातात ठेवलं. काळ्या रेघेच्या टेकड्या. आकारामनं बोट ठेवलं. "ह्यो उजवीकडचा सगळ्यात उंच कशाचा?"

"तो? तो फॅटचा," अभिराम म्हणाला आणि पुढच्या माणसाला विचारायला वळला की शरीरात लोखंड आहे का.

आकाराम जागीच उभा राहिला. तीस वर्षं दुसऱ्यांचं फॅट काढलं. आपलं आज कळलं. आणि असं तसं नव्हे, कागद फाडून वर जाईल एवढं.

संध्याकाळी संस्थेत तो कागद हातोहात फिरला. इंग्रजी कुणाला वाचता आलं नाही आणि त्याची गरज पडली नाही. फॅट उंच म्हणजे माल चांगला, हे कळंब्यात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. बाळाबाई म्हणाली, "तरीच. तात्याचं बोलणं पैल्यापास्नंच घट्ट हाय." तिसऱ्या दिवशी चौकात सम्राटच्या बाजूला दुसरा फ्लेक्स लागला. काळ्या गॉगलातला आकाराम, त्याच्या मागं निळ्या आकाशात तो आलेख, आणि खाली, 'मेंदूत सर्वाधिक फॅट! मा. आकारामतात्या तिवले यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: तात्याप्रेमी मित्रमंडळ.' मंडळ त्याच दिवशी स्थापन झालं होतं. गॉगल कुणाचा होता, ते आकारामला शेवटपर्यंत कळलं नाही.

चेअरमनना हे झोंबलं. वयही बसत होतं, तेव्हा त्यांनी एका ओळखीच्या माणसाकरवी नाव घातलं आणि तेही जाऊन त्या भोकात पडून आले. त्यांना सभेत झोपायची सवय. फळीवर पडल्या पडल्या ते झोपले. चाळीस मिनिटांत पापणीही हलली नाही. त्यांनीही चिठ्ठी मागितली. बघतात तर उजवीकडं, जिथं आकारामचा डोंगर होता तिथं, माळरान. सपाट.

त्यांनी कागद खिशात घातला. पण त्यांच्या गड्यानं गाडीत बघितला होता, आणि गड्याला जीभ हलवू नको म्हणून सांगायला चेअरमन विसरले होते. रात्रीच्या आत गावाला कळलं.

"चार नवावरनं शून्यावर आलं म्हण की," शिक्षक म्हणाले.

सातवा विषय डळमळला. चेअरमन आकारामला रस्त्यात भेटले की बाजूला बघू लागले. सम्राटचा फ्लेक्स वाऱ्यानं एका बाजूनं सुटला आणि कुणी बांधला नाही. खुर्ची वाचली होती. आकारामला भाच्याचं नाव आता दिवसासुद्धा आठवत होतं.

सभेच्या तीन दिवस आधी डॉक्टर पद्मजांचा फोन आला.

"काका, तुमची तपासणी परत करावी लागेल. पहिली वाया गेली."

"वाया कशी? एवढं चांगलं आलंय की."

"चांगलं नाही आलं. मेंदूच्या आतला एक छोटा तुकडा ठरवून त्यातलंच मोजायचं असतं. तुम्ही डोकं हलवलंत. तो तुकडा कडेला सरकला आणि कवटीवरच्या कातडीखालची चरबी मोजली गेली. ती मेंदूतली नाहीच. निरोगी मेंदूत तिथं टेकडी दिसत नाही, जागा सपाट असते. टेकडी दिसली तर एक तर तपासणी बिघडलेली असते, नाहीतर माणूस."

आकाराम म्हणाला, "म्हंजी न ढवळता वरचं घेतलं म्हणा."

बाईंना आधी कळलं नाही. त्यानं किटलीचं सांगितलं. त्या हसल्या. "अगदी तेच काका. इतकं सोपं करून मला कुणाला सांगता आलं नव्हतं."

फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा चेअरमन आठवले. सपाट. म्हणजे तो माणूस फळीवर शहाण्यासारखा पडून होता. आयुष्यात एकदाच त्या माणसाचा नमुना खरा निघाला होता, आणि गाव त्याला नेमकं त्यासाठी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी आकाराम पुन्हा गेला. करदोरा पुन्हा धोंडुबाईच्या मुठीत. या वेळी कानात "काका, ठीक आहे ना?" आलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं नाही. सहा वेळा डॉक्टरबाईंचा अपमान केल्यासारखं त्याला वाटलं. तपासणी संपल्यावर बाईंनी स्वतः पडद्यावर दाखवलं. फॅटच्या जागी काही नव्हतं. डावीकडं दुसरीच एक टेकडी उभी होती. "ही बघा," त्या म्हणाल्या, "ही मेंदूतल्या पेशींच्या तब्येतीची खूण. वयाच्या मानानं उत्तम आहे. आणि संशोधनाच्या तपासणीतून मी विसराळूपणा नसल्याचा दाखला देऊ शकत नाही, पण तुम्ही किटलीचं जे सांगितलंत ना, तेवढ्यावर मी तुमचं डोकं चांगलं म्हणीन."

तो दाखला कागदावर मिळत नाही, म्हणून आकारामनं दुसरा आलेखच घेतला.

घरी आल्यावर त्यानं दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. धोंडुबाईनं दोन्हींकडं बघितलं.

"सभंला कुठला नेतासा?"

"बगतोय."

"बगायचं काय त्यात? जुना न्या. फ्लेक्स त्याचाच लागलाय."

"त्यो नमुना खोटा हाय."

"तुमी केला खोटा? मशीननं केला. गावानं वाचला. तुमी नुसतं गप बसायचं हाय. लोकं आयुष्यभर गप बसून मोटी झाल्याती, तुमाला एक दिवस बसवत न्हाय?"

आकारामनं उजवा अंगठा चोळला. "लोकांची किटली तीस वर्सं ढवळली. माजीच तेवडी तशी सोडू?"

"सोडा की. आपलीच हाय," धोंडुबाई म्हणाली आणि दिव्याची वात सारखी करायला देवघरात गेली.

सभा मंगल कार्यालयात होती. एक ते सहा विषय मंजूर, मंजूर म्हणत दहा मिनिटांत उरकले. चौथा कशाबद्दल होता हे तो मांडणाऱ्यालाही विचारावं लागलं असतं. सातव्याला चेअरमन घसा खाकरून म्हणाले, "ह्या विषयात आमी काय बोलत न्हाय. तात्यांनी कागद आणलाय, सगळ्यांनी बगितलाय. विषय सोडून देऊया."

एवढंच. गप्प बसलं की झालं होतं. तात्याप्रेमी मित्रमंडळ टाळ्या वाजवायच्या तयारीत होतं.

आकाराम उठला. दोन्ही हातांत दोन कागद. "मंडळी, ह्यो पयला कागद धरू नका. ही टेस्ट बिगडल्याली हाय. मी डोस्कं हलवलं, म्हणून वरची चरबी आत आली. न ढवळता साय घेतल्यागत. ह्यो दुसरा खरा. ह्यात फॅट न्हाय, आणि नसतंयच. चांगल्या डोस्क्यात नसतंय. चेअरमनसायबांच्यातबी न्हाय, त्यांचंबी डोस्कं चांगलं हाय, ह्येबी मी सांगतो."

एवढ्या माणसांत एकट्यालाच बिघडलेला नमुना ओळखता आला होता, आणि तो टेस्टर ठेवायचा की नाही याचाच विषय चालला होता. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

चेअरमनच्या मात्र दुसरंच ध्यानात आलं. ते सावकाश उभे राहिले. त्यांचा आवाज दुःखानं भरून आला होता, आणि ते दुःख त्यांना फार शोभत होतं.

"ऐकलंसा? सोन्यासारखं फॅट आलं होतं माणसाला. गावानं सत्कार केला. आणि आज सोताच्या तोंडानं सोताचं फॅट शून्य करतोय. आमी काय म्हणायचं? तुमीच सांगा, हे शाण्या माणसाचं लक्षण हाय का? उद्यापास्नं टेस्टिंग सम्राट बगंल."

"पंधरा दिवसांत उतरलं वो सगळं," बाळाबाई मागून हळहळली.

"मंजूर," कुणीतरी म्हणालं. मग सगळे म्हणाले. चेअरमननी आकारामला शाल दिली, नारळ दिला आणि कानाशी वाकून विचारलं, "आमचं डोस्कं चांगलं हाय म्हणालासा, ते बाईंनी लिवून दिलंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाराम आपल्या म्हशीचं दूध घेऊन रांगेत उभा राहिला. रांगेत उभं राहायची त्याला सवय नव्हती. दोनदा तो चुकून टेबलाच्या आतल्या बाजूला गेला आणि परत आला. सम्राटनं मोबाइल कानाला धरूनच त्याची किटली ओढली, वरच्या वर नमुना काढला आणि मशीनला लावला. आठ पॉइंट तीन.

"तात्या, अभिनंदन," सम्राट म्हणाला. "म्हशीचं तरी हाय."

रांग हसली.

आकारामनं किटली आपल्याकडं ओढली. टेबलाखाली हात घातला, तिथं ढवळायची काठी नेहमीच्या जागी होती. तळापासून वरपर्यंत त्यानं दूध ढवळलं, घाई न करता, आणि किटली पुढं केली. "आता काड."

"कमी येईल की."

"काड."

सहा पॉइंट चार. त्याच्या म्हशीचं तेवढंच असायचं, ते त्याला आठवत होतं. मागं बाळाबाईनं शेजारणीकडं बघून कानशिलावर बोट फिरवलं. आकारामनं चिठ्ठी घेतली, आकडा बघितला आणि मान डोलावली. आता डोकं हलवू नका म्हणायला कुणी नव्हतं.